मानशीचं दार पाणीच उघडतं: ऑगमेंटेड रिॲलिटीतून गावची गोष्ट कशी सांगावी

गोव्यात रायबंदरहून फेरीबोटीनं चोडण बेटावर उतरायचं आणि बांधाची वाट धरायची. एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला खाजनातलं, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीतलं, भातशेत. भरतीच्या वेळी नीट पाहिलं तर पोटात गोळाच येतो, कारण नदीचं पाणी शेतापेक्षा वर असतं. मधे आहे तो फक्त बांध, आणि बांधात बसवलेली मानस, म्हणजे लाकडी दारांचा पाण्याचा दरवाजा. मी तिथं पहिल्यांदा वही घेऊन गेले तेव्हा बांधावर बसलेल्या एका आजोबांना विचारलं, "आजोबा, हे दार रोज उघडायला कोण येतं?" ते म्हणाले, "बाय, दार कोणूच उगडिना. उदकच उगडटा, उदकच धांपता."

पाणीच उघडतं आणि पाणीच मिटतं. अर्थ लगेच कळला, पण समोर काहीच हलताना दिसत नव्हतं. भरतीपासून ओहोटीपर्यंत, आपल्याकडच्या शब्दात सुकतीपर्यंत, सव्वासहा तासांच्या आसपास जातात आणि तेवढा वेळ बांधावर कुणी उभं राहत नाही. व्हिडिओ करता आला असता. पण व्हिडिओ लोक घरी बसून बघतात, बांधावरचा खारा वारा त्यात येत नाही. मला माणूस त्या दारापाशीच उभा हवा होता आणि त्याला सहा तास एका मिनिटात दिसायला हवे होते. ऑगमेंटेड रिॲलिटीकडे, म्हणजे सोयीसाठी एआरकडे, मी त्या गरजेपोटी वळले. समोरचं खरं दृश्य फोनच्या कॅमेऱ्यातून दिसत राहतं आणि आपण रेखाटलेली वस्तू त्या दृश्यात जागच्या जागी बसते, एवढीच ही कल्पना आहे.

'ऑगमेंटेड रिॲलिटी' हा शब्द १९९० च्या सुमारास बोईंग कंपनीतले संशोधक टॉम कॉडेल यांनी वापरात आणला. विमानातल्या तारांच्या जोडणीचा आराखडा कामगाराच्या डोळ्यांसमोर आणायचा होता. सर्वसामान्यांना ही गोष्ट कळली ती २०१६ च्या पोकेमॉन गो या खेळामुळे. गोष्ट सांगण्यासाठी तिचा वापर मात्र त्याआधीच सुरू झाला होता. लैंगिक हिंसेविरुद्ध बोलणाऱ्या 'प्रियाज शक्ती' या भारतीय कॉमिकची पानं २०१४ मध्येच फोन धरला की जिवंत होत होती. २०१८ च्या हिवाळी ऑलिम्पिकच्या वेळी न्यूयॉर्क टाइम्सनं खेळाडूंना वाचकाच्या खोलीत खऱ्या मापात उभं केलं. खेळाडू जमिनीपासून किती वर उडतो ते वाचकानं स्वतःच्या टेबलाशी ताडून पाहिलं. एआरची ताकद मला यातच दिसते. समोरची जागा आणि समोरचं माप निम्मी गोष्ट सांगत असतं, आपण उरलेली निम्मीच द्यायची.

आधी जागेला विचारा

सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा. मी एकच प्रश्न विचारते: या ठिकाणी असं काय आहे जे होतं किंवा घडतं, पण उभ्या माणसाला दिसत नाही? उत्तर सापडलं नाही तर एआर करू नका, चांगला फोटो काढा. एखाद्या देवळाची दीपमाळ समोर अखंड उभी असताना फोनमध्ये दुसरी दीपमाळ काढून काहीच मिळत नाही.

याउलट कुशावती नदीकाठची उसगाळीमळची कातळचित्रं घ्या. जांभ्या खडकावर कोरलेले बैल आणि ते वर्तुळाकार चक्रव्यूह. दुपारच्या सरळ उन्हात रेषा खडकात विरून जातात, सकाळच्या तिरप्या उजेडात उठून दिसतात. तिथं फोननं नुसती रेषा उजळली तरी काम झालं. दिवाडी बेटावरची सप्तकोटेश्वराची मूळ जागा ही दुसरी. गोव्याच्या कदंब राजांचं हे आराध्य दैवत. देऊळ पोर्तुगीज काळात पाडलं गेलं, देव नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूला नेला गेला आणि १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी तिथल्या नार्व्याच्या देवळाची पुनर्बांधणी करवली. दिवाडीवर उभं राहून ही कथा ऐकताना समोरची रिकामी जागाच बोलते. तिसरी जागा आमची मानस. तिथं वस्तू आहे, तिची हालचाल दिसत नाही.

झाकलेलं, गेलेलं आणि फार सावकाश घडणारं, असे हे तीन प्रकार. तुमच्या गावात यातलं काय आहे ते घरातल्या जाणत्यांना विचारा. दोन वेळा भरतीला आणि दोन वेळा सुकतीला जाऊन बसा. मी चार फेऱ्या केल्या. मानशीची दारं नदीच्या दिशेनंच उघडतात, शेताच्या दिशेनं उघडत नाहीत हे मला तिसऱ्या फेरीत कळलं. म्हणजे नदीनं आत ढकललं तर दार चौकटीला आवळून बसतं आणि आतल्या पाण्यानं बाहेर ढकललं तरच ते नदीकडे सुटतं. सगळी युक्ती या एकाच दिशेत आहे.

तीन रकान्यांची संहिता

नाटकाची संहिता लिहितो तशी लिहा, पण तीन रकान्यांत. पहिल्यात उघड्या डोळ्यांना काय दिसतं, दुसऱ्यात फोन काय वाढवतो, तिसऱ्यात कानाला काय ऐकू येतं. पहिला रकाना लिहायचा कंटाळा करू नका. दुसऱ्यातलं एखादं चित्र पहिल्यातल्या कुठल्याच वस्तूला धरून नसेल तर ते सरळ खोडा.

मानशीची संहिता अशी झाली. पहिला प्रवेश: डोळ्यांना बंद दार आणि ओला चिखल. फोनवर दोन जाड रेषा, नदीच्या पाण्याची निळी आणि आतल्या पाण्याची पिवळी, निळी वर. कानात आवाज, "आता बाहेरचं पाणी वर आहे. ते दाराला दाबून धरतंय." दुसरा प्रवेश: दार कापून आतून दाखवलेलं, निळं पाणी रेटतंय, फळी चौकटीला चिकटलेली. तिसरा: निळी रेषा हळूहळू उतरते, पिवळीच्या खाली गेली की दार नदीकडे सुटतं आणि पावसाचं पाणी बाहेर धावतं. आवाज थांबतो, फक्त पाण्याचा आवाज राहतो. चौथा प्रवेश: दार नाहीसं होतं. निळं पाणी आत शिरतं आणि भाताच्या ओळी तपकिरी होत जातात. खाऱ्या जमिनीत तग धरणारं कोरगुट भातसुद्धा सतत खारं पाणी साचलं तर टिकत नाही, हे तिथं एका वाक्यात सांगितलं.

एकूण सत्तर सेकंद. नव्वदच्या पुढे जाऊ नका, कारण फोन उंच धरून हात भरून येतो. या कामाला मला दशावताराची फार मदत झाली. पेडणे-सत्तरीच्या जत्रेत एकच बाक असतो. राजा बसला की ते सिंहासन, तोच बाक पुढच्या प्रवेशात आणखी काही. बाकी सगळं शब्दांवर आणि बघणाऱ्यावर सोडलेलं. एआरमध्ये नवशिक्याचा हात सुटतो तो इथं: ढग, पक्षी, चमकणारी अक्षरं, फिरणारा लोगो. मी पहिल्या आवृत्तीत उडणारे बगळे घातले होते. खरे बगळे शेतात उभे असताना! ते काढले आणि दाराकडे लक्ष गेलं.

फोनला जागा कशी कळते

तीन मार्ग आहेत. जीपीएसवर विसंबलात तर मोकळ्या आकाशाखालीसुद्धा चार-पाच मीटर इकडचं तिकडे होतं; मानशीचं दार शेतात जाऊन उभं राहील. दुसरा मार्ग पृष्ठभाग ओळखण्याचा: फोन कॅमेऱ्यातले ठळक बिंदू आणि स्वतःच्या हालचालीचे सेन्सर यांची सांगड घालून जमीन शोधतो. ॲपलचं एआरकिट आणि गूगलचं एआरकोर हे दोन्ही २०१७ साली आले आणि ते हेच करतात. खोलीत हा मार्ग उत्तम. पण वाहतं पाणी, चमकती फरशी, कोरी पांढरी भिंत इथं बिंदू टिकत नाहीत, आणि आपल्याकडे तर समोर पाणीच असतं. शिवाय वस्तू कुठल्या दिशेला ठेवायची हे बघणाऱ्यावर सोडावं लागतं.

तिसरा मार्ग छापील चित्राचा. ठरलेलं चित्र कॅमेऱ्याला दिसलं की फोन त्याचा कोन आणि अंतर मोजतो आणि त्या आधारानं वस्तू बसवतो. पाटी हलत नाही, म्हणून दारही हलत नाही. गावच्या कामासाठी मी हाच मार्ग सुचवते. माइंडएआर हे मोफत आणि खुलं साधन ब्राउझरमध्येच चालतं, ॲप उतरवावं लागत नाही. बांधावर उभा असलेला माणूस ॲप उतरवत बसणार नाही हे पक्कं धरून चला.

पाटीवर जीव लावा

फोनला चित्रातल्या कोपऱ्यांची, टोकांची, काळ्या-पांढऱ्याच्या सीमारेषांची भूक असते, आणि ती सगळी एकमेकांपासून वेगळी असावी लागतात. माझी पहिली पाटी दिसायला सुरेख होती: कडेनं पणजीच्या जुन्या घरांवरच्या निळ्या-पांढऱ्या फरश्यांची नक्षी, मधे समतोल कमळ. फोनचा पार गोंधळ उडाला. प्रत्येक फरशी दुसरीसारखीच, आणि कमळ उलटंसुलटं सारखंच. दार कधी आडवं यायचं, कधी डोक्यावर उभं. ते पाहून वाईट वाटलं, पण चूक नक्षीची नव्हती. नक्षी म्हणजेच पुनरावृत्ती, आणि फोनला तीच नको असते.

दुसरी पाटी पेननं काढलेली मानस: वेडेवाकडे जांभ्याचे दगड, एका बाजूला खेकडा, खालच्या कोपऱ्यात गाठी पडलेलं जाळं, डावीकडे जाड देवनागरी अक्षरं. डावी आणि उजवी बाजू मुद्दाम वेगळी. ही लगेच ओळखली गेली. छपाईआधी चित्र माइंडएआरच्या संकलन साधनात, म्हणजे चित्राची फोनला ओळखता येईल अशी फाइल करून देणाऱ्या पानावर, टाकून पाहा. ते सापडलेले बिंदू दाखवतं. बिंदू एकाच कोपऱ्यात गोळा झाले असतील तर उरलेल्या भागात रेषा वाढवा.

थेट जांभ्याच्या भिंतीचाच फोटो चित्र म्हणून वापरायचा मोह होतो. भिंत उन्हाळ्यात एक दिसते आणि आषाढात शेवाळानं हिरवीगार. ते चालत नाही.

छपाई मॅटच घ्या. माझ्या छापणाऱ्यानं सवयीनं चकचकीत लॅमिनेशन केलं होतं. संध्याकाळी चाललं आणि सकाळी दहाला उन्हाच्या तिरपेनं अर्धं चित्र पांढरं पडलं. गोव्याच्या पावसात साधा सनबोर्ड फुगतो, म्हणून एसीपी शीटवर, म्हणजे दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेल्या फळीवर, मॅट व्हिनाइल चिकटवून घ्या. आकार ए-३ तरी हवा, म्हणजे ३० बाय ४२ सेंटिमीटर, आणि बघणारा एक-दीड मीटरवर. पाटीवर क्यूआर कोडही लागतो. तो किती अंतरावरून वाचला जाईल हे त्याच्या रुंदीच्या साधारण दहापट धरा. दहा सेंटिमीटरचा कोड एक मीटरवरून सहज वाचला जातो.

मॉडेल, माप आणि आवाज

दार मी ब्लेंडर या त्रिमितीय वस्तू बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलं. तेही मोफत आहे आणि साधी फळी, चौकट, बिजागरी बनवायला आठवडाभर शिकणं पुरतं. तयार वस्तू जीएलबी या ब्राउझरला चालणाऱ्या फाइल-प्रकारात काढा. सगळी फाइल पाच एमबीच्या आत ठेवा; वस्तूवर चढवायची रंगपोताची चित्रं १०२४ पिक्सेलपेक्षा मोठी नकोत. बांधावर नेटवर्कची एखादी काडी असते, हे डोक्यात असू द्या.

माप इथं चुकतं. माइंडएआरमध्ये छापील चित्राची रुंदी म्हणजे १ एकक. आमची पाटी ३० सेंटिमीटर रुंद, म्हणून दीड मीटरचं दार खऱ्या मापात हवं तर ते ५ एकक करावं लागलं. आणि वस्तू पाटीपासून जितकी लांब तितकी ती जास्त थरथरते: कोनात एका अंशाची चूक झाली तर पाच मीटरवर वस्तू जवळजवळ नऊ सेंटिमीटर सरकते. म्हणून पाटी मानशीच्या शेजारी, हाताच्या अंतरावर लावली. थरथर कमी करायची सोय साधनात असते, पण ती वाढवली की वस्तू फोनच्या मागे रेंगाळत येते. दोन्हींतला मध्य डोळ्यांनी बघूनच ठरवावा लागतो.

आवाजाला कमी लेखू नका. चित्र थोडं हललं तरी लोक सांभाळून घेतात, निवेदन कृत्रिम वाटलं तर फोन खाली जातो. गावच्याच माणसाचा आवाज घ्या, वाक्यं लहान ठेवा आणि भरती-सुकती, पोय (मानशीच्या आतलं तळं), बांध, मानस हे शब्द तसेच राहू द्या. एक मिनिटाची ६४ केबीपीएसची ध्वनिफीत अर्ध्या एमबीपेक्षा लहान असते. मजकूर खाली अक्षरांतही दाखवा. वाऱ्यात ऐकू येत नाही, आणि काहींना मुळातच ऐकू येत नाही.

जोडणी

हा भाग ऐकायला अवघड, करायला सोपा. ए-फ्रेम (वेबपानावर त्रिमितीय दृश्य मांडायचं मोफत साधन) आणि माइंडएआर यांचं नमुना पान घ्या, त्यात आपलं संकलित चित्र, जीएलबी फाइल आणि आवाज बदला. पान एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित वेबपत्त्यावरच ठेवा, नाहीतर ब्राउझर कॅमेरा देत नाही. गिटहब पेजेस या वेबपानं ठेवण्याच्या सेवेवर हे मोफत होतं. आवाज आपोआप वाजत नाही, ब्राउझर अडवतो, म्हणून सुरुवातीला 'सुरू करा' असं मोठं बटण द्या. काही ॲपच्या आतल्या ब्राउझरमध्ये कॅमेरा उघडतच नाही. तशी ओळ पानावर लिहा.

जमलं तर एक भर घाला. मुरगाव बंदराचे भरतीचे तक्ते प्रसिद्ध होतात. भरती नदीत वर चोडणपर्यंत यायला थोडा उशीर होतो, तो तीन-चार दिवस घड्याळ लावून नोंदवा. मग पान उघडताच त्या घटकेला बाहेर भरती आहे की सुकती हे त्याला कळतं आणि गोष्ट तिथूनच सुरू होते. समोर खरं दार बंद आणि फोनमधलंही बंद. हे जुळतं तेव्हा बघणारा नकळत फोन खाली घेऊन खऱ्या दाराकडे बघतो. मला हवं होतं ते हेच.

आणखी एक काळजी. मेटा कंपनीनं आपलं स्पार्क हे एआर बनवण्याचं व्यासपीठ १४ जानेवारी २०२५ ला बंद केलं आणि त्यावर लोकांनी बनवलेले इफेक्ट दिसेनासे झाले. गावची आठवण कुणा एका कंपनीच्या दारात ठेवू नका. ब्लेंडरची मूळ फाइल, ध्वनिफिती, संहिता, आजोबांच्या मुलाखतीचं रेकॉर्डिंग हे सगळं आपल्या डिस्कवर आणि गावच्या वाचनालयात एक प्रत, असं ठेवा.

जे ठाऊक नाही ते तसं दिसू द्या

मानस समोर आहे, तिथं अंदाज कमी. दिवाडीच्या देवळासारख्या जागी प्रश्न गंभीर होतो. तिथं शिखर, मंडप, कोरीव खांब असं सगळं झळझळीत उभं केलं तर बघणारं मूल तेच खरं मानून घरी जाईल. माझा नियम असा: पुराव्याचा भाग भरीव, अंदाजाचा भाग नुसत्या तुटक रेषांत, आणि कशाचाच आधार नाही तिथं रिकामी जागा. निवेदनातही "असं असावं" हे शब्द ठेवा. पाडलेल्या देवळाच्या जागी उभा राहणारा माणूस भावनेनं भरलेला असतो. त्याच्यापुढे कल्पनेला इतिहास म्हणून ठेवणं हा त्याचा विश्वासघात आहे.

परवानगी आणि पाय

पाटी ठोकण्याआधी विचारा. खाजनाच्या बाबतीत कोमुनिदाद (गावची सामायिक जमीन सांभाळणारी जुनी संस्था), कुळांची संघटना आणि पंचायत. देवळाच्या बाबतीत देवस्थान समिती. तांबडी सुर्लच्या महादेवासारख्या संरक्षित वास्तूत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण. मानशीवर मासे पकडण्याचा हक्क कुणाला तरी लिलावात दिलेला असतो. त्यांच्या जाळ्याच्या वेळेला गर्दी होणार नाही हे त्यांच्याशी बोलून ठरवा. ज्यांचा आवाज घेतला त्यांना तयार काम आधी ऐकवा.

आणि पाय सांभाळा. फोनमधून बघणारा माणूस नकळत मागे सरकतो, आणि बांधावर मागे पाणी असतं. मी उभं राहण्याच्या जागी रंगानं दोन पावलं काढली आणि संहितेतून "थोडे मागे या" हे वाक्य काढून टाकलं. मोठी वस्तू दाखवायची तर माणसाला मागे नेऊ नका, वस्तू लहान करा.

भर दुपारची चाचणी

घरातल्या चाचणीवर विसंबू नका. दहा-बारा हजारांचा अँड्रॉइड फोन घ्या आणि भर दुपारी जा. पडद्यावर फिकट, अर्धपारदर्शक असं काहीच दिसत नाही. माझी पाण्याची सुंदर पारदर्शक निळाई उन्हात पुसलीच गेली. म्हणूनच त्या दोन जाड रेषा आल्या. फोन तापला की पडदा स्वतःहून मंद होतो, तेही तिथंच कळतं. मग शाळेतलं एक मूल आणि साठीच्या पुढचं एक माणूस यांना पाटीपुढे उभं करा आणि तोंडातून शब्द काढू नका. त्यांचा अंगठा कुठं अडतो, ते कुठल्या क्षणी फोन खाली घेतात ते लिहून घ्या. माझ्या पहिल्या पाचांपैकी तिघांनी क्यूआर कोड वाचल्यावर फोन पाटीवरून हटवला होता. पाटीवर "फोन चित्रावरच धरा" एवढी ओळ वाढवली आणि अडचण सुटली.

मृगाआधी एकदा जाऊन पाटीचे स्क्रू आवळा. पाऊस ओसरला की ओल्या फडक्यानं चित्र पुसा, उन्हानं रंग उतरला असेल तर नवं व्हिनाइल लावा आणि पान उघडून चारही प्रवेश शेवटपर्यंत बघा. आमच्या पाटीच्या मागच्या बाजूला पहिल्याच पावसाळ्यात मुंग्यांनी घर केलं होतं. आता मागं चुन्याचा हात देऊन ठेवते.